आमच्या बदाम कुकीजची वाटचाल

आधी स्पष्ट करते, आमच्या कुकीजमध्ये इसेन्स नसतो, कधीच नव्हता. बदाम पावडर, मैदा, पिठीसाखर, मीठ, किंचित सोडा नि बेकिंग पावडर, शेंगदाणा तेल, वरून अंड्याचा हात, बस. चायनीज न्यू इयरला सिंगापूरमध्ये घरोघरी लाल झाकणाच्या बरण्या असतात ना, त्यातल्याच ह्या.

रेसिपी समोरच्या फ्लॅटमधल्या चायनीज आंटीची, आणि सुरुवातीला धंदाही दोघींचा, ती मळायची, मी भाजायची. आंटी तेल मोजत नाही. पीठ मुठीत दाबायचं, गोळा टिकला पाहिजे आणि अंगठ्याने ढकलला की फुटला पाहिजे, तेल जास्त झालं की कुकी ट्रेवर पसरलीच. मी वजनकाटा आणला तेव्हा हसली, नंतर तोच उसना न्यायला लागली.

2020 ला वाट लागायची वेळ आली. हरी रायाच्या (इथल्या मलाय मुसलमानांची ईद) ऑर्डरी घेतलेल्या (आपल्या कुकीजमध्ये डुकराची चरबी नाही, त्यामुळे मलाय घरांतूनही मागणी), अ‍ॅडव्हान्स घेतलेला, बदाम भरून ठेवलेले आणि 7 एप्रिलपासून सर्किट ब्रेकर, म्हणजे इथला कोविडचा लॉकडाऊन. घरगुती बेकिंगही बंद! बदाम पावडर खवट होते म्हणून सगळी फ्रीजरमध्ये कोंबली. आम्ही नियम पाळत बसलो आणि दोन ब्लॉक पलीकडची एक बाई गुपचूप डिलिव्हरी करत होती, आमच्याच गिऱ्हाइकांना, मार्जरीन आणि इसेन्स घालून. लाल झाकण सगळ्यांचंच असतं हो, पण लेबलसुद्धा आमच्यासारखं? नाव घेत नाही.

12 मेपासून परवानगी मिळाली, हरी राया 24 ला. खालच्या मजल्यावरच्या मकचिकनी (मलाय मावशीला इथे मकचिक म्हणतात) अ‍ॅडव्हान्स परत घेतलाच नव्हता, उलट बहिणींच्या ऑर्डरी आणून दिल्या. घरचा ओव्हन, एका वेळी एकच ट्रे, आणि आंटीला आमच्या घरी यायची बंदी, म्हणून व्हिडिओ कॉलवर पिठाची मूठ दाखवायची आणि ती तिकडून ओरडायची, अजून तेल, अजून तेल! सगळ्या बरण्या वेळेत गेल्या.

पुढची वर्षं बरी चाललीत.

नवीन करणाऱ्यांनो, कुकी पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका, इथल्या दमट हवेत लगेच मऊ पडते, झाकणाला गोल सेलोटेप माराच. आणि अ‍ॅडव्हान्स नातेवाईकांकडूनही घ्या, त्यांच्याकडून तर आधी घ्या.

दिवाळीला आता आपली मराठी मंडळीही मागवतात. "नानकटाईच ना?" विचारतात. नानकटाईत तूप, ह्यात तेल, पण वाद कोण घालणार, ऑर्डर लिहून घेते.