गीझर, टाँग टेस्टर आणि केसिंगमधला जोड

आमची खोली गिरगावातल्या चाळीत. वायरिंग जुनं, केसिंग-पट्टीतलं, म्हणजे भिंतीवरच्या पोकळ लाकडी पट्टीतून नेलेलं. मोरीतला गीझर लावला की त्याच लाइनवरचा गॅलरीतला पिवळा बल्ब मंद व्हायचा आणि दारावरची केसिंग-पट्टी एका जागी हाताला गरम लागायची. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच, मात्र कधीच पडला नाही. "तो पडत नाही ना, मग काळजी कसली?" असं आईचं म्हणणं. मला ती गरम पट्टी स्वस्थ बसू देईना.

ओळखीच्या वायरमन काकांना बोलावलं आणि आधीच सांगितलं, "काका, काही बदलायच्या आधी मापं घेऊया. तुम्ही मीटर लावा, मी लिहून घेते." चालू लाइनवर स्वतः मीटर लावायचा हट्ट मी धरला नाही आणि कुणी धरूही नये.

गीझरवर २००० वॅट, २३० व्होल्ट असं छापलेलं आहे. पॉवर म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, तेव्हा २००० भागिले २३०, म्हणजे ८.७ अँपिअर करंट जायला हवा. रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, हा व्होल्ट भागिले अँपिअर: २३० भागिले ८.७, साधारण २६.४ ओहम. हे आकडे वहीत वर लिहून ठेवले. मीटर काय दाखवतो ते यांच्याशी ताडून पाहायचं होतं.

करंट मोजायला काकांनी टाँग टेस्टर, म्हणजे वायर न तोडता चिमट्याने करंट मोजणारा मीटर, आणला. त्याचा चिमटा एकाच वायरीभोवती लावायचा असतो. फेज (करंट आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी) या दोन्ही वायरी एकत्र पकडल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडून काढतात आणि मीटर शून्य दाखवतो. त्यामुळे मेन बंद करून बोर्ड उघडला, गीझरची फेज वायर चिमट्यासाठी बाजूला घेतली आणि मग पुन्हा चालू केलं.

गीझर बंद असताना सॉकेटवर २३२ व्होल्ट होते. चालू केल्यावर २२१. करंट ८.४ अँपिअर.

२२१ भागिले ८.४ म्हणजे २६.३ ओहम. गीझरची कॉइल अगदी ठणठणीत. पॉवर २२१ गुणिले ८.४, सुमारे १८५६ वॅट. मग ते ११ व्होल्ट गेले कुठे? काकांनी गीझर चालू ठेवूनच मेन स्विचपाशी मोजलं, तिथे २३१ होते. म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये जेमतेम १ व्होल्ट पडत होता. उरलेले १० आमच्या घरातच, मेनपासून मोरीपर्यंतच्या वायरीत.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते इथलं गणित. १० व्होल्ट भागिले ८.४ अँपिअर, म्हणजे वायरीचा रेझिस्टन्स १.१९ ओहम. वायर दीड स्क्वेअर एमएम छेदाची, तांब्याची. तिचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. मेनपासून मोरीपर्यंत १२ मीटर, जाऊन-येऊन २४ मीटर, म्हणजे हिशेबाने ०.२९ ओहम यायला हवा होता. ०.९ ओहम जास्तीचा होता. एवढा रेझिस्टन्स एका जागी असेल तर तिथे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, म्हणजे ८.४ गुणिले ८.४ गुणिले ०.९, जवळपास ६३ वॅटची उष्णता तयार होते. तीही सुक्या लाकडी पट्टीच्या आत.

एमसीबी का पडत नव्हता तेही याच आकड्यांत आहे. तो जास्त करंट गेला की पडतो. सैल जोड रेझिस्टन्स वाढवतो, त्यामुळे करंट उलट कमीच होतो. ८.७ ऐवजी ८.४. १६ अँपिअरच्या एमसीबीला यात वावगं काही दिसणारच नाही.

काकांनी मेन बंद केला आणि गरम लागायची तिथली पट्टी उघडली. आत जुना पिळाचा जोड, सैल झालेला, वरची टेप करपून कडक. "ताई, हे वेळेवर उघडलं," एवढंच ते म्हणाले.

गीझरसाठी मेनपासून स्वतंत्र अडीच स्क्वेअर एमएमची वायर टाकली, मधे एकही जोड न देता. अर्थिंगही नव्याने घेतलं. मग तीच मापं पुन्हा: गीझर चालू असताना मेनपाशी २३१, सॉकेटवर २२९, करंट ८.७. वायरीत २ व्होल्ट, म्हणजे ०.२३ ओहम. सगळ्या वायरीत मिळून साडेसतरा वॅट, तेही २४ मीटरभर पसरलेले.

घरी हा हिशेब करणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गीझर, इस्त्री, शेगडी यांना ही भागाकार-गुणाकाराची रीत नीट लागू पडते. तारेच्या पिवळ्या बल्बचा रेझिस्टन्स बंद असताना ओहम मीटरने मोजून पॉवर काढू नका. ६० वॅटचा बल्ब पेटलेला असताना सुमारे ८८० ओहम असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. आणि पंखा, फ्रिज, वॉशिंग मशीन यांत मोटर असल्यामुळे व्होल्ट गुणिले अँपिअर केल्यावर येणारा आकडा खऱ्या वॅटपेक्षा मोठा असतो. तिथे पॉवर फॅक्टरने, म्हणजे खरे वॅट त्या आकड्याच्या किती पट आहेत त्या एकाहून लहान संख्येने, गुणावं लागतं.

आता स्वयंपाकघरातल्या इस्त्रीच्या सॉकेटची लाइन मोजायची आहे. इस्त्री ७५० वॅटची आहे, ३.२६ अँपिअर आणि ७०.५ ओहम हे आकडे वहीत लिहून ठेवले आहेत.