विरजण घालणारा माणूस

२०१४ च्या हिवाळ्यात, मी मेलबर्नला नवीन होतो तेव्हा, ऑफिसमधल्या एकाने मला पहिल्यांदा फूटी, म्हणजे इथलं ऑस्ट्रेलियन फुटबॉल, बघायला बसवलं. मला एवढंच कळलं की मैदान क्रिकेटचंच आहे, एका बाजूला अठरा जण आहेत, बॉल न सोललेल्या नारळासारखा आहे आणि कोण कोणाला का पाडतंय हे विचारायचं नाही. मग एक काटकुळा उंच माणूस दिसला. समोरच्या टीमचा फॉरवर्ड झेल घ्यायला उडाला, बॉल अगदी हातात येणार, तेवढ्यात याने मागून त्याच्या खांद्यावरून एक लांबलचक हात नेला आणि बॉलला मूठ मारली. बास. शेजारचा ओरडला, 'स्पॉइल!' मी मनात म्हटलं, अरे, हे तर विरजण!

तो डस्टिन फ्लेचर, मेलबर्नच्याच एसेंडन क्लबचा फुलबॅक, म्हणजे गोलासमोरचा शेवटचा राखणदार, नंबर ३१. त्या हातांमुळे लोक त्याला इन्स्पेक्टर गॅजेट म्हणायचे, कार्टूनमधला तो हात लांब होणारा. वडीलही एसेंडनकडूनच खेळलेले. हा १९९३ ला टीममध्ये आला तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि बारावीत होता, बारावीत! आमच्याकडे बारावी म्हटलं की केबल काढून टाकलेली, आणि हा शनिवारी कोणाला अडवतोय तर त्या काळचे गोलांचे राजे: डनस्टॉल, एबलेट आणि टोनी लॉकेट, ज्याने करिअरमध्ये १३६० गोल मारले. त्याच वर्षी एसेंडनने ग्रँड फायनल मारली आणि हा त्यात खेळला. नंतर २००० चीही.

फुलबॅकचं गणित मला फार आवडतं. मधल्या खांबांतून किक गेली तर सहा पॉइंट, बाजूच्या फटीतून एकच, म्हणून अगदीच गळ्याशी आलं की हे लोक स्वतःच बॉल त्या फटीतून ढकलून तो एक देऊन टाकायचे. पाहुणा जेवायला थांबायच्या आत त्याला चहावर कटवावं तसं. २००८ च्या फायनलमध्ये हॉथॉर्नने हे इतक्यांदा केलं की पुढच्या वर्षी नियमच बदलला, मुद्दाम केलंत तर समोरच्याला फ्री किक.

३० मे २०१५ ला त्याची ४०० वी मॅच होती, वय ४०. इतक्या मॅचेस तोवर फक्त टक आणि बार्टलेट खेळले होते. एमसीजीला मी कानटोपी घालून वरच्या स्टँडमध्ये बसलो होतो, माझ्यापेक्षा मोठा माणूस या थंडीत हाफ चड्डीत पळतोय याची थोडी लाजच वाटत होती. रिचमंडने १३ पॉइंटनी हरवलं आणि तीच त्याची शेवटची मॅच ठरली. वर २०१६ ला क्लबच्या सप्लिमेंट प्रकरणात, म्हणजे बंदी असलेल्या औषधाच्या भानगडीत, ३४ खेळाडूंवर बंदी आली त्यात याचंही नाव, म्हणजे आमच्या कौतुकावरही विरजण पडलंच.

त्या ४०० व्या मॅचच्या रात्री घरी आलो तर बायको म्हणाली, दूध कोमट आहे, विरजण तेवढं लाव. इथल्या थंडीत ओव्हनचा नुसता दिवा चालू ठेवून त्यात पातेलं ठेवावं लागतं. मी चमचाभर घातलं, ढवळलं, झोपलो.

सकाळी बघतो तर दिवा लावायचाच राहिला होता.