नाडाचं पाणी, ताम्बाची माणसं

ओसाकाच्या उमेदाहून हान्शिन लाइनची गाडी धरली की कोबेच्या मध्यवस्तीच्या अलीकडे सुमियोशी स्टेशन लागतं. उत्तरेला रोक्कोचा डोंगर, दक्षिणेला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत नाडा, साके या तांदळाच्या जपानी दारूचं माहेरघर. डोंगरातून धावत येणाऱ्या ओढ्यांवर पाणचक्क्या लावून तांदूळ सडायचा, हिवाळ्यात रोक्कोवरून उतरणाऱ्या गार वाऱ्यात साके आंबवायची आणि जहाजातून एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला धाडायची, असा हा धंदा.

मला भावली ती पाण्याची गोष्ट. यामामुरा ताझाएमोन नावाच्या व्यापाऱ्याची साके दोन ठिकाणी बने, उओझाकीत आणि निशिनोमियात. निशिनोमियाची दर वेळी सरस! म्हणतात, त्याने इकडचे कारागीर तिकडे नेऊन पाहिले, तरी फरक तसाच. शेवटी १८४० मध्ये निशिनोमियाच्या विहिरीचं पाणीच उओझाकीला नेलं आणि कोडं सुटलं. हे ‘मियामिझु’ जपानच्या मानाने जड, म्हणजे जास्त क्षारांचं, पण त्यात लोह जवळजवळ नाही. लोहाने साकेचा रंग आणि वास दोन्ही बिघडतात. मग काय, नुसतं पाणी विकूनही लोक कमवू लागले.

हाकुत्सुरू कंपनी १७४३ सालची. तिच्या जुन्या लाकडी वास्तूत आता संग्रहालय आहे, तेही फुकट. भात वाफवणारे, पसरणारे, पिळून साके काढणारे असे माणसाएवढे पुतळे जागोजागी उभे आहेत. भातावर कोजी बुरशी वाढवतात. ती पिष्टाची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेची दारू करत असतं. दोन्ही कामं एकाच वेळी चालतात, म्हणून ऊर्ध्वपातन न करताही मद्यार्क वीस टक्क्यांपर्यंत चढतो. २०२४ मध्ये युनेस्कोने या कलेला वारसा यादीत घेतलं.

हे कारागीर मूळचे ताम्बा या डोंगराळ भागातले शेतकरी. सुगी आटोपली की हिवाळाभर इथे राबायला यायचे. त्यांचा मुख्य तो ‘तोजी’. घड्याळ नव्हतं, त्यामुळे घुसळायचं किती ते गाण्याच्या कडव्यांवर ठरे. मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या, फक्त इथे गाणारे सगळे बाप्ये. बायकांना साकेघरात मज्जावच होता.

१९९५ च्या भूकंपात इथली कितीतरी लाकडी साकेघरं कोसळली. आता बहुतेक ठिकाणी काँक्रीट आणि स्टीलच्या टाक्या दिसतात. पिंपाची कला बघायची तर जवळच्या किकु-मासामुने या साके कंपनीकडे जा. योशिनो भागातल्या जपानी देवदाराच्या फळ्या, बांबूचे वेढे. ना खिळा, ना सरस.

संध्याकाळी नदीकाठाने डोंगराकडे चढलो. हाकुत्सुरूच्या घराण्यातल्या सातव्या कानो जिहेईंनी १९३४ मध्ये उघडलेलं कलासंग्रहालय वर आहे. ते फक्त वसंतात आणि शरदात उघडतं, त्यामुळे तारखा बघूनच बेत करा. साके विकून जमवलेल्या या संग्रहातली सर्वांत देखणी वस्तू मला वाटली ती तीनेक हजार वर्षांपूर्वीची चिनी कांस्यपात्रं, आणि त्यातली बरीचशी मद्याचीच!