हबसाणातून आलेलं पदक

घरी आलेल्या पाहुण्यांना कपाटातलं पदक दिसलं की प्रश्न ठरलेला असतो. परवा आतेभावानेही तोच विचारला, "लढाई इंग्रजांची, पदक त्यांच्या राणीचं. तुम्ही कशाला जपता?" त्याचं उत्तर इथे सांगते.

पदक चांदीचं, जेमतेम सव्वा इंचाचं. वर छोटा मुकुट, मधे डोक्यावरून पदर घेतल्यासारखी व्हिक्टोरिया राणी, भोवती नऊ टोकांची चांदणी. दोन टोकांच्या मधे एकेक इंग्रजी अक्षर, मिळून नाव होतं ॲबिसिनिया. जुन्या मराठीत हबसाण, म्हणजे आजचा इथिओपिया. जंजिऱ्याच्या सिद्दींचं मूळ तिकडचंच. हे पदक आजोबांच्या आजोबांचं. ते मुंबई लष्कराच्या १०व्या पलटणीत शिपाई होते. हीच पलटण पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत गेली.

तिथला सम्राट टेवोड्रोस. त्याने १८६२ मध्ये राणीला पत्र लिहिलं, उत्तर आलंच नाही. चिडून त्याने ब्रिटिश वाणिज्यदूतासह काही युरोपियनांना कैदेत टाकलं. त्यांना सोडवायला मुंबई लष्कराचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर सुमारे १३,००० फौज घेऊन निघाले. मुंबईहून रेल्वेचे रूळ गेले, ४४ हत्ती गेले. फौज उतरली त्या तांबड्या समुद्रावरच्या झुला गावच्या किनाऱ्यावर गोडं पाणी नव्हतं, म्हणून समुद्राचं पाणी जहाजांवर उकळून, त्याची वाफ थंड करून प्यायचं. तिथून मगदलाचा डोंगरी किल्ला सहाशेहून जास्त किलोमीटर. घाटवाटांनी तेवढं चालत जायचं.

१३ एप्रिल १८६८ ला मगदला पडला. टेवोड्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली. पिस्तूल राणीनेच कधीकाळी भेट पाठवलेलं. मग लूट झाली. पोथ्या, मुकुट, चर्चमधली भांडी हत्ती-खेचरांवर लादून नेली, त्यातलं बरंच आजही लंडनच्या संग्रहालयांत आहे. सम्राटाचा लहानगा मुलगा अलेमायेहू इंग्लंडला नेला गेला आणि १८७९ मध्ये अठराव्या वर्षी वारला. विंडसरला पुरलेलं ते पोर आपल्या मातीत परत यावं म्हणून इथिओपिया मागणी करतो आहे. ते परत जायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. या लढाईचा अभिमान मला नाही.

तरी पदक जपते, ते मागच्या बाजूसाठी. या पदकावर शिपायाचं नाव कडेला नसतं, मागे पानांच्या वेलीच्या मधोमध असतं. गोऱ्या शिपायांचं नाव उठावाच्या अक्षरांत. आपल्या बहुतेक शिपायांचं नुसतं ठोकून उमटवलेलं. आमच्या पणजोबांच्या वडिलांचंही तसंच. शिवाय इंग्रजी लिपीत, जी त्यांना स्वतःला वाचता येत नव्हती. त्यांचा फोटो नाही, पत्र नाही, गावच्या दप्तरात सही नाही, अंगठा नाही. त्या माणसाचं नाव लिहिलेली जगात एवढी एकच वस्तू आमच्याकडे आहे. काकांनी एकदा ती सराफाकडे न्यायला काढली होती, तेव्हा आजी दारात उभी राहिली.

त्याच आजीने दर खंडेनवमीला ते रांगोळीने घासून लख्ख केलं आणि पूजेत मांडलं. घासून घासून राणीचं नाक गेलं, फितीची लाल पट्टी विटली. आता मी रांगोळी लागू देत नाही, मऊ सुती कापडाने पुसते. भिंगाखाली तिरपं धरलं की नावाची पहिली चार अक्षरं अजून वाचता येतात.