वॉल क्रीपर आणि आखाजीची घाई

अमळनेरला रंगकामाचे ठेके घेतो मी. मागच्या वर्षी एका काकांच्या घराचं काम आलं, पश्चिमेची अख्खी भिंत हिरवी. नर्सरीत वॉल क्रीपर म्हणून मिळते तीच वेल, खरं म्हणजे वड-उंबराच्याच भाऊबंदातली, पान तोडलं की पांढरा चीक. खाली भिंतीला चिकटलेली पानं नखाएवढी अन् वर स्लॅबपाशी बाहेर आलेल्या फांद्यांची बोटभर लांब, नवख्याला वाटेल दोन वेगळ्या वेली आहेत.

मी बोललो, काका बुडातून कापू, महिना-दीड महिना उन्हात वाळू देऊ, मग काढू. काका म्हणे, "आखाजीले पोर ई राह्यनी, आतेच काढ." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, दहा दिवस होते फक्त. तेव्हाच नाही म्हणायला पाहिजे होतं, पण त्यांच्या भावाच्या बंगल्याचं काम पुढे दिसत होतं ना, म्हणून हो बोललो.

उजवीकडून सुरुवात केली. ओली वेल ओढली की फांदी तुटते, मुळं काही भिंत सोडत नाहीत. माझ्या पोराने मग दोन्ही हातांनी जोर लावला तर चार फूट गिलावाच घेऊन खाली आली, आतल्या जुन्या विटा उघड्या अन् भेगांमधे मुळांच्या नुसत्या जटा. त्यात गांधील माश्या उठल्या, पायाडावरून कसे उतरलो आमचं आम्हाला माहीत. वरून चीक लागून उन्हात हातांची आग आग, हातमोजे गाडीत राहिले होते (दरवेळी गाडीतच राहतात). काका बाहेर येऊन बघतात तर, "हाई काय व्हयनं रे भाऊ?"

आखाजीला पोरगी आली तेव्हा भिंत अर्धी हिरवी, अर्धी उघडी. गिलाव्याचा निम्मा खर्च माझ्या खिशातून गेला.

डावी बाजू मग बुडातून कापून सोडून दिली. मे संपता संपता गेलो, चव्वेचाळीसचं ऊन खाऊन पार कुरकुरीत झालेली, हाताने पापडासारखी निघाली अन् गिलावा जागच्या जागी. मुळांचे तपकिरी डाग मात्र राहतातच, तार ब्रशने दोन दिवस घासले, वर प्रायमर, दोन हात रंग, तरी संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की बारीक पायांच्या रांगा दिसतात.

बुडखा खणायचा राहिला, खालून नळाची लाईन होती. जुलैत काकांचा फोन, "वेल परत फुटनी रे भाऊ."