पावसाळी वर्गणी

आमच्या भागात गाणं फुकट ऐकायची सवय जुनी आहे. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मोठमोठे गवई हजेरी लावतात, तिथं तिकीट नाही. हुबळीच्या पलीकडं कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीला नाडगीरांच्या वाड्यात गाणं होतं, तिथंही नाही. बेळगाव या दोन टोकांच्या मधलं स्टेशन. मिरजेहून धारवाडला जाणारा गवई असो की हुबळीहून पुण्याला निघालेला, त्याची गाडी आमच्या फलाटाला लागायचीच. त्याला उतरवून घेणारा एखादा वकील, डॉक्टर नाहीतर अडत्या गावात असायचा. बिदागीचं तो बघायचा, बाकीचे सतरंजीवर.

अशा गावात कुणी दरमहा 299 रुपये भरून मोबाईलवर मैफल ऐकतो म्हटल्यावर लोकांनी त्याच्याकडं जरा निरखून बघणं साहजिक आहे. शेजारचे काका तर थेट म्हणाले, ‘‘काय ऐकूलालाय वो एवढं? यूट्यूबवर ढीग पडलाय की!’’

मी त्यांना रेडिओच्या परवान्याची आठवण करून दिली. ऐंशीच्या दशकापर्यंत घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात जाऊन वर्षाची फी भरावी लागे, परवान्याच्या पुस्तकात नोंद होई. त्या रेडिओवर 1950 साली सुरू झालेलं धारवाड केंद्र लागायचं आणि शनिवारी रात्री दिल्लीहून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम. म्हणजे घरबसल्या मैफल ऐकायची वर्गणी काकांच्या वडिलांनीही भरलेली आहे, फक्त ती सरकारला भरली म्हणून तिची कुणी टिंगल केली नाही. काका यावर काही बोलले नाहीत. पटलं म्हणून गप्प बसले असं मात्र मी समजत नाही.

मी घेतलेली वर्गणी एका छोट्या मंडळींची आहे. हिंदुस्थानी संगीत, महिन्यातून चार-पाच मैफली थेट, शिवाय जुन्यांचा साठा. नाव सांगत नाही, कारण पुढं थोडं कुरकुरायचं आहे. नाव नोंदवताना राज्य विचारलं, मी कर्नाटक निवडलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या यंत्रानं मला चेन्नईच्या कचेऱ्या, म्हणजे दक्षिणी कर्नाटक संगीताच्या मैफली, सुचवायला सुरुवात केली. मृदंगम्, घटम्, सगळं उत्तमच. पण ज्या पट्ट्यानं मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, बसवराज राजगुरू दिले, जिथल्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळी पुढं कुमार गंधर्व झाले, त्या पट्ट्यातल्या माणसाला काय ऐकायचं असेल हे यंत्राला कुणी शिकवलेलं नाही. मी निमूटपणे वगळा, वगळा करत राहिलो. आता ते थोडं सुधारलंय. अधूनमधून एखादी वीणा पाठवतं, तेवढी मी ऐकतो.

या वर्गणीतली माझ्या दृष्टीनं खरी मोलाची गोष्ट म्हणजे रात्र. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले, 2005 साली सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी आवळले, आणि उघड्या मांडवातलं ध्वनिवर्धकाचं गाणं रात्री दहाला बंद झालं. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. गणपतीतले डॉल्बी ज्यानं ऐकलेत त्याची असूही नये. पण त्या नियमानं रात्रभराच्या मैफली गेल्या, आणि त्यांच्याबरोबर दहानंतरचे राग बेघर झाले. बंद सभागृहाला नियमात सूट आहे खरी, पण सभागृहाच्या रखवालदारालाही घर आहे, आणि श्रोत्यांना दुसऱ्या दिवशी ऑफिस. त्यामुळं आपल्याकडं मालकंस साडेआठला येतो, दरबारी घाईनं येतो, आणि पहाटेचा ललत ऐकायचा तर दिवाळी पहाटेची वाट बघायची. माझी ही वर्गणीवाली मंडळी मात्र एका बंद खोलीत, पंधरा-वीस माणसं समोर बसवून, रात्री साडेदहाला तानपुरे जुळवतात. साडेअकराच्या सुमाराला दरबारीचा गंधार हलायला लागतो, घरातले सगळे झोपलेले असतात, माझ्या कानात इअरफोन. कुठल्याही पोलीस ठाण्याची परवानगी लागत नाही. या एका गोष्टीसाठी मी 299 रुपये हसत देतो.

आवाजाबद्दल दोन्ही बाजूंनी बोलायला हवं. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकणार असाल तर पैसे वाया. डग्ग्याचा घुमारा त्यातून निघतच नाही, उरतो तो चाटीचा टकटकाट. इअरफोनवर मात्र असं काही ऐकू येतं, जे मंगल कार्यालयातल्या अकराव्या रांगेत कधी आलं नसतं: गायिकेनं तान घेण्याआधी घेतलेला श्वास, हार्मोनियमच्या भात्याची धाप, तानपुरेवालीनं मधेच खुंटी पिळलेली. रेंज कमी झाली की पहिला बळी तानपुऱ्याचा. चित्र तसंच राहतं, आवाज आपोआप हलक्या दर्जावर उतरतो आणि जवारीतून, म्हणजे घोडीवर घासणाऱ्या तारेच्या झणकारातून, उमलणारे ते वरचे बारीक स्वर पुसले जातात. उरते एक सपाट भुणभुण. मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत जवारी लावताना कारागीर घोडीवर तारेखालचा तो सुताचा धागा किती जपून सरकवतो हे ज्यानं पाहिलंय, त्याला हे जास्तच लागतं.

आणि कॅमेरा! त्याला चेहराच आवडतो. तबलजीनं तिहाई बांधायला घेतली की आम्हाला त्याची बोटं बघायची असतात, तर हा नेमका गायकाच्या मिटलेल्या डोळ्यांवर बसलेला.

दादेची गंमत वेगळीच. थेट प्रक्षेपण म्हणतात खरं, पण ते आमच्यापर्यंत पोचायला अर्धा मिनिट तरी उशीर होतो. बाजूला लिहायची सोय असते, तिथं लोक ‘क्या बात है’ लिहितात. आता किराणा घराण्याच्या चालीनं विलंबित एकताल लावला की बारा मात्रांचं एक आवर्तन जवळजवळ मिनिटभराचं. म्हणजे गायिका समेवर सुरेख आली, आम्ही अर्ध्या मिनिटानं ती ऐकली, दाद टंकली. तोवर तिकडं सातवी मात्रा चाललेली. समेची दाद नेमकी ‘खाली’वर, तालाच्या रिकाम्या जागेवर, पडते. सुदैवानं गाणाऱ्याच्या समोर तो पडदा नसतो.

पण यापेक्षा मोठी अडचण शेवटी येते. बेळगावच्या मैफलीत भैरवीच्या आधी श्रोते फर्माईश करतात, तेव्हा डावीकडून कुणी अभंग मागतो आणि उजवीकडून कुणी कानडी वचन. गाणारा धारवाडकडचा असेल तर तो हसून दोन्ही म्हणतो: आधी बसवण्णांचं नाहीतर अक्कमहादेवींचं वचन, मग तुकोबा, आणि अंगात आलं असेल तर पुरंदरदासांचं पदही. पुण्याहून आलेला असेल तर कानडी येत नाही म्हणून माफी मागतो, आणि पुढच्या खेपेला एखादं वचन बसवून येतो. असे शिकून आलेले गायक आम्ही ऐकलेत. त्यांच्या उच्चारांना मागच्या रांगेतून दुरुस्तीही मिळते, आणि तीही ते हसून घेतात. गाण्याचा शेवट कसा व्हायचा हे समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. मोबाईलवरच्या मैफलीत समोर ते पंधरा-वीस जण असतात, दूरच्या शहरातले, आणि गाणं त्यांच्यासाठी आकार घेत असतं. आपण भिंतीपलीकडून ऐकणारे. पैसे भरून ऐकणारे, पण भिंतीपलीकडचेच. मी एकदा लिहून बघितलं, ‘एखादं वचन होऊ द्या.’ खाली लगेच एकानं मला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्याचा अर्थ हो की नाही, अजून कळलेलं नाही.

या प्रकारात जगात सगळ्यात पुढं गेले ते बर्लिनवाले. तिथल्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदानं 2008 च्या अखेरीस स्वतःचं डिजिटल सभागृह उघडलं, सभागृहातच दुरून चालवायचे कॅमेरे बसवले, आणि हंगामातल्या चाळीसेक मैफली जगभर दाखवायला लागले. वर्षाची वर्गणी दीडशे युरोच्या वर. 2020 च्या वसंतात सगळी सभागृहं बंद पडली तेव्हा त्यांनी तो खजिना काही काळ फुकट खुला केला होता, तेव्हा मीही डोकावलो. पाश्चात्त्य संगीतातलं मला फारसं कळत नाही, पण कॅमेरा कसा फिरवावा हे त्यांच्याकडून शिकावं: ओबोचा तुकडा सुरू व्हायच्या आधी कॅमेरा ओबोवर पोचलेला, कारण पुढं काय वाजणार ते कागदावर लिहिलेलं असतं. आपल्याकडं पुढं काय येणार हे गाणाऱ्यालाही माहीत नसतं. कॅमेरेवाल्याला तरी किती बोल लावायचा. बाकी त्यांची रात्री आठची मैफल हिवाळ्यात आपल्याकडं साडेबाराला सुरू होते.

घरात या खर्चाचा हिशेब दर महिन्याला निघतो, आणि तो रिझर्व्ह बँकेच्या कृपेनं निघतो. ऑक्टोबर 2021 पासून असे आपोआप कापले जाणारे पैसे कापायच्या किमान चोवीस तास आधी बँकेनं कळवावं लागतं. खातं जोडनावाचं, निरोप सौ.च्या फोनवर. ‘‘अर्धा किलो कुंदा आला असता,’’ ती आमच्या गावच्या मिठाईत हिशेब करून म्हणते. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. तो जुन्या मैफलींचा साठा, ज्याची जाहिरातीत सगळ्यात मोठी आरास असते, तो मी जवळजवळ उघडतच नाही. केव्हाही ऐकता येईल असं गाणं कधीच ऐकलं जात नाही. आज रात्री साडेदहाला आहे, पुन्हा नाही, असं म्हटलं की मी सव्वादहाला जेवणं उरकून, पाण्याचा तांब्या घेऊन तयार. साठ्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. थेट मैफलींसाठी द्या, आणि त्यातले कलाकाराला किती, साथीदाराला किती हेही एकदा विचारा. मी विचारलं होतं. उत्तर गोड होतं, आकडा नव्हता. माझी कुरकुर ती एवढीच, पण ती लहान नाही. बिदागी देणारा आमचा अडत्या निदान पाकीट सगळ्यांसमोर द्यायचा.

शेवटी आम्ही दोघांनी मिळून तोडगा काढला. बेळगावचा पाऊस ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको: जूनमध्ये झड लागली की सप्टेंबरपर्यंत छत्री वाळत नाही. त्या दिवसांत शहापुरातून टिळकवाडीला गाणं ऐकायला जायचं म्हणजे वाटेत रेल्वेचं गेट पडलेलं, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि सभागृहाच्या पत्र्यावर असा काही ताशा की मंद्र सप्तक गेलंच. मंडळंही त्या महिन्यांत हात राखूनच कार्यक्रम करतात. तेव्हा वर्गणी जून ते सप्टेंबर. दिवाळीच्या आधी बंद करायची, कारण मग गावातलीच गाणी सुरू होतात, आणि तिथल्या मागच्या रांगा हल्ली मला भरलेल्या दिसत नाहीत. मोबाईलवर ऐकणाऱ्यांनीच त्या रिकाम्या ठेवल्या असं म्हणवत नाही, पण त्यातली एक खुर्ची माझी असू शकते. बर्लिनचा हा पर्याय तर आपोआपच बाद झाला. त्यांची उन्हाळी सुट्टी आमच्या ऐन पावसाळ्यात येते.

काकांना हा बेत सांगितला. ते म्हणाले, चार महिनेच घेणार असाल तर मोठ्या टीव्हीला जोडा की, आम्हीपण येताव. मी कंपनीच्या अटी वाचून बघितल्या: ‘एकाच कुटुंबाच्या वापरासाठी.’ काकांना दाखवल्या. ते म्हणाले, मग आम्ही कोण? आता जूनपासून आमच्याकडं सात-आठ माणसं येणार असं दिसतंय, आणि सौ.नं दुधाचा रतीब अर्ध्या लिटरनं वाढवावा लागेल असं कळवलंय.