कणीक

रविवार, दुपार.

खोटं बोलणं मला नवीन नाही. विमावाला दारात आला की हे आत पेपर वाचत असतानाही ‘कणकवलीक गेलेत’ असं मी उंबऱ्यातूनच सांगते. नणंदेच्या सोलकढीला दर वेळी छान म्हणते. त्याचं कधी काही वाटलं नाही. पण काल रात्री मांडवाच्या मागे जे बोलले, ते पेडव्याच्या काट्यासारखं घशात बसलंय. भात गिळून बघितला, जात नाही.

पूजा दर वर्षीचीच. मे महिन्यात चाकरमानी आले की वाडीत सत्यनारायण, दुपारी महाप्रसाद, मग हळदीकुंकू आणि रात्री डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. नाक्यावर फलक लागला तेव्हाच मी ह्यांना सांगून ठेवलं होतं, या वेळी मी जाणार, रात्रीचं जेवण झाकून ठेवीन. फलकावर ‘जंगी सामना’, आणि दोन्ही बुवा एकमेकांकडे बघून हात उगारलेले. आमच्या बुवांचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा तरी असेल. केस काळेभोर. मला वाटलं, छापणाऱ्याकडे दुसरा नसेल. स्टेजवर आले तेव्हा कळलं, दुसरा नसलेलाच बरा.

बारी दहाची, म्हणजे अकराला नमन. मी मुद्दाम पखवाजाच्या बाजूची खुर्ची धरली. ती सवय जात नाही. लोक बुवांकडे बघतात, मी पखवाज्याच्या डाव्या हाताकडे. काल पोरगा होता, पंचविशीतला, मांडीजवळ मोबाईल ठेवून त्यात तानपुरा लावलेला. हातोडीने पुडीची, म्हणजे तोंडावरच्या चामड्याची, कड ठोकत, कान खाली घालून सूर मिळवत होता. मी वाकून बघितलं, मोबाईलवर सी शार्प. म्हणजे पेटीवरची काळी एक.

काळी एक! बुवा काळी तीनात गायचे. बाबांचा पखवाज त्याच सुरासाठी घेतलेला, लहान तोंडाचा, खैराचा, उचलताना कंबर धरायची. वरच्या सुराला लहान तोंड लागतं, सूर खाली यावा तसं तोंड रुंद. या पोराचा पखवाज चांगला रुंद तोंडाचा होता. अडीच सूर खाली आले होते बुवा, आणि अजून तोंड उघडलं नव्हतं.

मग उघडलं. काय सांगू? नमनात आवाज नव्हताच, खाकरणं होतं. पेटीचा भाता मारणारा डावा हात थरथरत होता, त्यामुळे सूरसुद्धा मधेच पोकळ होत होता. रूपाच्या अभंगात वरची जागा आली की बुवा नुसती मान वर करायचे आणि मागचा कोरस ती जागा घ्यायचा. दोन-तीनदा असं झालं. माझ्या शेजारची बाई म्हणाली, ‘थकले ओ.’ मला तिचा राग आला. खरं बोलली म्हणूनच आला असेल.

समोरचे बुवा तरणे, गळ्यात रुद्राक्ष, चाली सगळ्या सिनेमातल्या. गातो बरा, उगाच कशाला नावं ठेवू. आधी रीतीप्रमाणे म्हाताऱ्यांच्या पाया पडले आणि मग रीतीप्रमाणेच चिमटा काढला. म्हणाले, आमच्या लहानपणी बुवांचा सूर माडाच्या शेंड्यावर असायचा, आज मुळाशी बसून शोधतोय तरी सापडत नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

बुवांची पाळी आली. त्यांनी पेटी बंद केली, माईक जवळ ओढला आणि एकदम शांतपणे म्हणाले, ‘अरे झिला, बाव खोल गेली म्हणान पाणी आटूक नाय. तुझी दोरी आखूड पडली.’

मांडव उठला. मागे दारूच्या बाजूला उभे असलेलेसुद्धा पुढे आले. आणि त्याच गडबडीत बुवांनी गवळण धरली, पेटीशिवाय. खाली, अगदी खाली, घरात कोणी झोपलेलं असताना बोलावं तशी. पोरगा हुशार, त्याने उजवा हात जवळजवळ थांबवला आणि डाव्या पुडीवरचा नुसता घुमारा ठेवला. समेवर धा येत होता तो खुर्चीच्या पायातून माझ्या पायात. वरच्या जागा बुवांनी घेतल्याच नाहीत. त्या कुठे होत्या तेवढं दाखवून पुढे गेले. मला वाटतं चार मिनिटं असेल. पूर्वीच्या तासाभराच्या बाऱ्या ऐकलेली बाई आहे मी, पण... जाऊ दे, ते मला लिहिता येणार नाही.

तरणे बुवा पुन्हा सुरू झाले तसे आमचे बुवा पाय मोकळे करायला मांडवामागे गेले. मी पण गेले. चहाच्या पातेल्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, खांद्यावर टॉवेल. मी वाकून नमस्कार केला. नाव सांगणार, तेवढ्यात त्यांनीच माझ्याकडे बघून डोळे बारीक केले.

‘कणकेचा चेडू मा गो तू?’

चाळीस वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. पण हो, मीच ती. १९८२ च्या संपानंतर बाबा लालबागची खोली सोडून आले ते एक ट्रंक आणि तो पखवाज घेऊन. मिलची नोकरी परत मिळाली नाही, मंडळ मात्र इथेही मिळालं. बारी असली की माझं काम ठरलेलं. मुठीएवढी कणीक, पोळीपेक्षा सैल, थालीपिठापेक्षा घट्ट, मीठ अजिबात नाही, मिठाने चामडं जातं. बाबा ती घुमाऱ्यासाठी डाव्या पुडीवर मधोमध थापायचे, पाण्याचं बोट फिरवायचे, अंगठ्याने दाबून एक थाप मारायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की ठीक. नाही हलवली तर चिमूटभर काढायचे किंवा लावायचे. सकाळी ती वाळायच्या आत खरवडून कोंबड्यांना घालायची, तेही माझंच.

(दादाला बाबांनी पखवाज शिकवायला घेतला होता. दोन महिने. दादा क्रिकेटला पळायचा. मी दारात उभी असायची. असो.)

‘पखवाज आसा मा?’ बुवांनी विचारलं. ‘आसा,’ म्हटलं. हे खरं. दादाच्या डोंबिवलीच्या घरात जागा नाही म्हणून तो माझ्याकडे आला. जागा नाही हेही खरंच.

‘कोण वाजयता?’

आणि मी म्हटलं, ‘झील वाजयता, बुवानू.’

झील पुण्यात असतो. कानात सतत ते पांढरं बोंडुक. गेल्या गणपतीत आरतीला झांजसुद्धा त्याने एका हाताने वाजवली, दुसऱ्या हातात फोन. आणि मी म्हटलं, वाजयता. आवाजही चाचरला नाही.

बुवा खूश झाले. ‘बरा, बरा. वाद्य वाजाक होया. खुटयेक ऱ्हवला काय रुसता.’ मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, ‘आणि तेका सांग हां, कणीक थंयच्या थंय खरवडून काढ म्हणान. ऱ्हवली तर उंदीर पुडी खातत.’

‘सांगतंय,’ म्हटलं. दुसरं खोटं.

आत गजर सुरू झाला, पोरं त्यांना हाताला धरून घेऊन गेली. मी थांबले नाही. ह्यांना फोन करून बोलावून घेतलं, मोटारसायकलवर मागे बसून आले. रस्त्यात ह्यांनी विचारलं, कसे गायले? मी म्हटलं, वाऱ्यात ऐकू येत नाही.

तर आता हेच की, का बोलले?

बाबांसाठी? बाबा गेले त्याला अकरा वर्षं झाली, त्यांना कुठे कळायचंय. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून? असं रात्री स्वतःला सांगून बघितलं. बरं वाटायचं सांगून सगळी खोटी खपतात, नणंदेची सोलकढीही त्यातच. पण नाही. त्या माणसाने पाचशे लोकांसमोर, माईकवर, माझा सूर खाली गेलाय हे कबूल केलं, वर शिट्ट्या घेतल्या. आणि मला चहाच्या पातेल्यामागे एका माणसाला ‘कोणी वाजवत नाही हो, माळ्यावर पडलाय’ एवढं सांगता आलं नाही. हे बोचतंय. त्यांची बाव खोल गेली तर ते दोरी सोडत राहिले. माझ्याकडे बावच बुजलीय आणि मी वर झाकण ठेवून म्हणतेय, पाणी आहे, पाणी आहे.

पहाटे तीनला वेगळंच डोक्यात आलं आणि त्यानंतर झोप नाहीच. त्यांनी विचारलं, कोण वाजयता? तू वाजवतंस काय, असं नाही विचारलं. कोणीच कधी नाही विचारलं. बाबांना डाव्या पुडीचा सूर माझ्या मानेवरून कळायचा, बुवांनी मला चाळीस वर्षांनी चेहऱ्यावरून ओळखलं, पण ओळखलं ते कणकेची म्हणून. माझे हात कणकेपर्यंत, पुढे बाकीच्यांचे. उशीत तोंड घालून रडले थोडी. हे घोरत होते, त्यांच्या घोरण्यालासुद्धा ताल बरा होता.

सकाळ झाली की रात्रीचं दुःख जरा फजितीसारखं दिसतं. चहा ठेवला आणि वाटलं, समजा विचारलं असतं त्यांनी, तू वाजवतंस काय, तर? तर मी ‘होय’ म्हणून मोकळी झाले असते. आणि बुवा म्हणजे बुवा, म्हणाले असते, मग बस आत, दाखव. त्यापेक्षा झील बरा. पुण्यात आहे.

त्याला फोनही केला. म्हटलं, कोणी विचारलं तर तू पखवाज वाजवतोस. तो म्हणाला, ‘कोण विचारणार?’ मग म्हणाला, ‘आई, मी झांज वाजवलीय ना गणपतीत, टेक्निकली चालेल.’ हसला. मीही हसले. मग म्हणाला, ‘काय झालं?’ म्हटलं, काही नाही, आंबे पाठवते.

दहाच्या सुमारास स्टूल घेऊन माळ्यावर चढले. गोधडीत गुंडाळलेला होता. खाली काढताना कंबर धरलीच, ते वजन तसंच. उजवी पुडी ठीक, शाईला एक केसाएवढी चीर. डावी बाजू वळवली. मधोमध रुपयाएवढं भोक, कडा कुरतडलेल्या, आणि भोवती वाळून दगड झालेली कणीक.

आठवलं. चार वर्षांपूर्वीच्या गणपतीत भावकीतल्या एका मुलाने भजनाला मागून घेतला होता. कणीक मी मळून दिली होती. सकाळी तो मुंबईला गेला, पखवाज परत आला, आणि मी गोधडीत गुंडाळून तसाच वर टाकला. खरवडायची राहिली. माझं एवढंच तर काम होतं.

आणि तिथे स्टुलाच्या पायाशी बसल्यावर बुवांचं बोलणं नीट ऐकू आलं. ज्याचा पखवाज रोज वाजतो त्याला उंदराचं कोण सांगतं? रोज वाजणाऱ्या पुडीवर उंदीर कधी चढायचा? ते वाक्य माळ्यावरच्या पखवाजासाठीच असतं. म्हाताऱ्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, बरा बरा म्हटलं आणि अलगद जागा दाखवून पुढे गेला, गवळणीत गेला तसा. वरची जागा न घेता.

मला आधी लाज वाटली. मग, काय कोण जाणे, हसूच आलं. एकटीच हसत बसले, मांडीवर भोक पडलेला पखवाज. शेजारची डोकावून गेली.

पुडी बसवून देणारा कुडाळला एक आहे म्हणतात. नंबर मिळाला, फोन लागत नाही. रविवार आहे.

मग जेवणाचं बघितलं. परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, मळता मळता बघते तर सैल झालेली, पोळीपेक्षा सैल, थालीपिठापेक्षा घट्ट. अंगठ्याने दाबून बघितली. बरोबर होती. आणखी थोडं पीठ घालून पोळ्या केल्या.

ह्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, ‘मीठ घालूक विसरलंस काय गो?’

‘होय,’ म्हटलं, ‘विसरलंय.’